खापरगव्हाणचा दुसरा समाज

खापरगव्हाणात मुसलमानाचं एकही घर नाही, पण मोहरम दरवर्षी होतो. वारंगा फाट्यापासून सहा-सात किलोमीटर आत हे गाव. मारुतीच्या देवळाला लागून एक पत्र्याची खोली आहे, तिला आशुरखाना म्हणतात. तिथल्या लाकडी पेटीत हिरव्या कापडात गुंडाळलेला एक पितळी पंजा असतो. मोहरमच्या दिवसांत तो उंच काठीवर चढवतात, त्याला रंगीत कापडं आणि फुलांच्या माळा बांधतात, आणि मग त्याला सवारी म्हणतात. दहाव्या दिवशी सवारी गावातून फिरते, मारुतीला भेटते, ओढ्यावर जाते. तिथं पंजा धुवून पुन्हा पेटीत ठेवला की मोहरम संपला.

सवारी धरायचा मान तातेरावांच्या घराण्याचा. वडील थकले तेव्हा तातेराव तिशीत होते, आता बासष्टीत आहेत. एवढ्या वर्षांत त्यांनी एकदाही दुसऱ्याच्या हातात काठी दिली नव्हती. सवारी धरलेल्या माणसाच्या पायावर बाया तांब्याभर पाणी ओततात आणि नवस बोलतात. त्यांची बायको मंजुळाबाई दरवर्षी पहिला तांब्या ओतायची. घरी मात्र पाय धुवायला पाणी मागितलं तर म्हणायची, "रांजण कुठं हाये ते ठाऊक हाये ना?"

यंदा ठाण्यात नवे साहेब आले होते. तातेराव आणि सरपंच विश्वंभर परवानगीचा अर्ज घेऊन गेले, तेव्हा साहेबांनी तो दोनदा वाचला.

"हा कार्यक्रम कोणत्या धर्माचा?"

"गावाचा," तातेराव म्हणाले.

"गाव हा काही धर्म नाही. शांतता समिती कुठंय? दोन्ही समाजांचे सदस्य लागतात."

विश्वंभर म्हणाला, "साहेब, दुसरा समाज आमच्याकडं न्हाईच."

"मग शांतता कोणाकोणात ठेवणार?"

"शांतता हायेच की साहेब."

"असून चालत नाही, ठेवावी लागते. आणि ती ठेवायला दोन बाजू लागतात." साहेब रागावलेले नव्हते. त्यांनी अगदी समजावून सांगितलं. "उद्या काही झालं तर मी कोणाला बोलवायचं? अर्ज ऑनलाइन भरा. दोन्ही रकाने भरल्याशिवाय तो पुढं सरकत नाही."

वारंगा फाट्यावर शेख मुनीरचं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्जांचं दुकान आहे. पीकविमा असो, जातीचा दाखला असो, खापरगव्हाणचं सगळं त्याच्याकडं. मुनीर एकोणतीस वर्षांचा, बोलायला मोकळा, कामाला चोख. दोघं त्याच्याकडं आले. सोबत तांड्यावरचे बाबूसिंग होते. मोहरमच्या आलाव्याला, म्हणजे खड्ड्यात पेटवतात त्या विस्तवाला, लाकडं दरवर्षी त्यांच्या तांड्याची असतात, म्हणून परवानगीच्या कामाला आपणही असलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं होतं.

मुनीरनं पहिला रकाना भरला. दुसऱ्यावर बोट थांबलं.

"दुसऱ्या समाजाचे सदस्य?"

"मला लिव," बाबूसिंग म्हणाले. "आमचा तांडा येगळाच हाये. गावात आमाला कोण गावचं म्हणतंय?"

मुनीरनं लिहून पाहिलं. धर्माच्या रकान्यात हिंदू टाकलं, तशी लाल अक्षरं आली: दोन्ही समाज एकच असू शकत नाहीत.

"ह्याला आमचं भांडण कळंना," बाबूसिंग नाराज होऊन बाकड्यावर बसले.

मग तिघंही मुनीरकडं बघायला लागले.

"माझ्याकडं बघू नका," मुनीर म्हणाला. "काका, आमच्या घरात सवारी करत न्हाईत. आमी त्या दिवशी रोजा धरतो. अब्बा तर म्हणतेत, हे सगळं चुकीचं हाये."

"मग तर लईच बराबर!" विश्वंभर उठून उभा राहिला. "तू विरोधात हायेस. म्हंजी बाजू दोन झाल्या."

तातेराव आपल्या दोन्ही तळव्यांकडं बघत होते. ते म्हणाले, "बत्तीस वर्षं धरून राहिलो, पोरा. औंदा न्हाई उचलली तर त्या दिवशी हाताचं काय करायचं, तेच मला सुधरंना."

मुनीरनं त्यांच्या हातांकडं पाहिलं. मग आपलं नाव टाकलं. लाल अक्षरं पुन्हा आली: सदस्य त्याच गावचा रहिवासी असावा.

"मी देतो की दाखला," सरपंच म्हणाला.

"खोटा दाखला मी चढवणार न्हाई. दुकान बंद व्हईल माझं."

"मग खरा देतो. तू राहायला ये."

असं करून मुनीर मोहरमच्या दहा दिवसांतल्या दुसऱ्या दिवशी पिशवीत कपडे आणि चादर घेऊन खापरगव्हाणात राहायला आला. दिवसा फाट्यावर दुकान, संध्याकाळी तातेरावांच्या ओसरीलगतची खोली. ग्रामपंचायतीच्या रजिस्टरात विश्वंभरनं नवीन रकाना आखला आणि लिहिलं: मुस्लिम, एकूण एक.

अर्ज पुढं सरकला. पण साहेबांनी आणखी एक गोष्ट मागितली. सवारी तातेरावच का धरतात, ह्याचा काही आधार?

ह्या प्रश्नानं तातेराव खूश झाले. आधार होता. पेटीच्या तळाला निजामाच्या काळातला कागद होता, उर्दूत, शिक्का मारलेला. त्यांचे पणजोबा कासाजी ह्यांना सरकारनं मान दिल्याची ती सनद. चार पिढ्या हेच सांगत आल्या होत्या. कागद वाचलेला मात्र कोणीच नव्हता, कारण घरात कोणाला उर्दू येत नव्हतं. मुनीरही मराठी शाळेत शिकलेला. तेव्हा दोघं मोटारसायकलवरून फाट्यावर मुनीरच्या वडिलांकडं गेले.

चाँदपाशा सत्तरीचे. पोरगा सवारीच्या गावात राहायला गेल्यापासून ते त्याच्याशी कामापुरतंच बोलत होते. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिडकीजवळ नेला आणि मनातल्या मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग तातेरावांकडं पाहिलं.

"पाटील, पानी पीते क्या?"

"काहून? काय लिवलंय?"

"ही सनद न्हाई," चाँदपाशा म्हणाले आणि एकेक ओळ मराठीत सांगू लागले. "माझ्या मुलाला नांदेडच्या कचेरीत नोकरी लागली, म्हणून आम्ही गाव सोडत आहोत. पितळी पंजा, नग एक, कासाजी वल्द रखमाजी ह्यांच्याकडे अमानत ठेवला आहे. परत आलो की घेऊ. आम्ही आलो नाही, आणि आमच्यातला कोणी ह्या गावात राहायला आला, तर त्यानं मागितल्यास द्यावा." खाली गाव सोडून गेलेल्या सय्यद नावाच्या माणसाची सही होती. साक्षीदार दोन: पटवारी आणि मारुतीचा पुजारी.

तातेरावांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. सरकारनं दिलेला मान म्हणून ते जन्मभर गावात ताठ चालले होते, आणि पणजोबाला कोणी फक्त म्हटलं होतं, जरा हे सांभाळा, आलोच. त्यांना लाज वाटली, आणि लाज कशाची ते नीट कळेना. टोपी पुन्हा डोक्यावर ठेवत ते म्हणाले, "मुनीर, तू गावात राहायला आलास."

"काका, मी मागितला का?"

"न्हाई."

"कागदात 'मागितल्यास' लिवलंय. मी मागितला न्हाई, मागणार बी न्हाई. अब्बा, बोला ना."

"हमारे घर में नक्को," चाँदपाशा लगेच म्हणाले. मग तातेरावांना वाईट वाटलं असेल असं वाटून म्हणाले, "चीज अच्छी है. लेकिन नक्को."

कागद लपवावा, असं विश्वंभरचं मत पडलं. तातेरावांनी ऐकलं नाही. त्यांनी मुनीरकडून मराठी भाषांतर टाइप करून घेतलं आणि दोन्ही कागद साहेबांपुढं ठेवले.

साहेबांनी वाचलं. "म्हणजे मालक मुनीर."

"मी मागितला न्हाई साहेब," मुनीर म्हणाला.

"आणि उद्या मागितला तर?"

"मी ते मानतच न्हाई."

"मानायचं बंधन नाही. त्याचं स्वातंत्र्य घटनेनंच दिलंय." साहेबांनी पेनाचं टोपण उघडलं आणि बंद केलं. "असं करू. मागत नाही तोवर ताबा तातेरावांचा, आणि परवानगी त्यांच्या नावानं. दुसऱ्या समाजाचा प्रतिनिधी म्हणून मिरवणुकीत तुम्ही पुढं चालायचं. पण वस्तूला हात लावायचा नाही. हात लावला की मागितली असं धरलं जाईल, ताबा बदलेल आणि परवानगी रद्द होईल."

"हातच लावत न्हाई," मुनीर म्हणाला. आयुष्यात इतक्या सोप्या अटीवर त्यानं कधी सही केली नव्हती.

"आणखी एक. तुमच्या गावात आता मिश्र वस्ती आहे. त्यामुळं गाव संवेदनशील यादीत गेलंय. बंदोबस्त येईल."

सातव्या दिवशी चार पोलीस आले. त्यांचा हवालदार भीमराज, पोट सुटलेला, सोशिक माणूस. त्यानं तातेरावांच्या ओसरीवर खुर्ची टाकली आणि वही उघडून मुनीरला विचारलं, "तुमाला कोणापासून धोका हाये?"

"मंजुळामावशीपासून," मुनीर म्हणाला. "तिसरी भाकर वाढून राहिल्या."

भीमराजनं ते लिहिलं नाही. पण त्याच ताटापासून त्यालाही धोका निर्माण झाला, आणि दहाव्या दिवसापर्यंत चारही पोलिसांचे पट्टे एकेका भोकानं ढिले झाले. बंदोबस्त कशाचा, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. मुनीर दुकानाला निघाला की एक पोलीस त्याच्यामागं गावच्या शिवेपर्यंत जायचा आणि संध्याकाळी त्याला तिथूनच परत आणायचा. दरम्यान गावात दुसरा समाज नसल्यामुळं बंदोबस्ताला सुट्टी असायची, आणि पोलीस मारुतीच्या पारावर झोपायचे.

दहाव्या दिवशी दुपारी सवारी निघाली. सकाळी भुरभुर पाऊस पडून गेला होता. हलगी कडाडत होती, उदाचा धूर गल्लीभर झाला होता. पुढं मुनीर, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत, रोजा असल्यामुळं ओठ सुकलेले, दोन्ही हात पाठीमागं घट्ट बांधलेले. त्याच्यामागं काठी धरून तातेराव. बाजूनं भीमराज मोबाइलवर चित्रण करत चालला होता, कारण तशी अट होती.

देवळाच्या अलीकडं चढ आहे. रस्त्याचं काम अर्धवट राहिल्यानं तिथं काळी माती उघडी पडलेली. तातेरावांचा उजवा पाय त्या चिखलात घोट्यापर्यंत गेला आणि निघेना. त्यांनी जोर लावला तशी चप्पल आत राहिली, पाय बाहेर आला आणि तोल गेला. सवारी पुढं झुकली. बायांनी तोंडावर हात धरले. मुनीरनं मागं वळून पाहिलं, आणि पितळी पंजा सरळ त्याच्या डोक्यावर येताना दिसला.

त्यानं दोन्ही हातांनी काठी पकडली.

हलगी थांबली. तातेराव चिखलात बसलेले, मुनीर सवारी धरून उभा, आणि भीमराजच्या मोबाइलमध्ये सगळं आलेलं.

"घ्या काका," मुनीर म्हणाला. "लवकर घ्या."

तातेराव उठून हात पुढं करणार, एवढ्यात भीमराज ओरडला, "थांबा! ताबा बदलला."

"पडायला लागली होती म्हणून धरली!"

"ते मला दिसलं हो. पण आता तुमी असंच परत दिलं तर मला लिहिता काय येणार? साहेबांना विचारतो."

फोन लागायला वेळ लागला. साहेबांनी ऐकून घेतलं आणि सांगितलं, ताबा लगेच परत गेला तर परवानगी कायम राहील, पण परत दिल्याचा जागेवर पंचनामा करा, तोवर वस्तू आहे त्याच्या हातात राहू द्या, खाली ठेवली तर आणखी गुंता होईल. भीमराजनं हलगीवर कागद ठेवला आणि लिहायला घेतलं. वस्तूचं वर्णन. उंची. कापडं किती, रंगानुसार. ती मोजायला दोन पोलीस लावले.

इकडं गावाला सवारी कोणी धरली ह्याच्याशी कर्तव्य नव्हतं. सवारी उभी राहिली की पायावर पाणी पडतं, तेवढं बायांना माहीत. शिला नावाची बाई तांब्या घेऊन पुढं आली आणि मुनीरच्या पायावर पाणी ओतलं.

"अहो वहिनी, मी न्हाई ते—"

"पोराला पोलीस भरतीत नीट पळता येऊ दे," ती डोळे मिटून म्हणाली.

मुनीरच्या तोंडून दुकानातलाच प्रश्न निघाला. "त्याचा फॉर्म भरला का?"

"भरला. तुमीच भरला."

"मग... मग अल्ला बघंल," मुनीर म्हणाला, कारण तेवढं तरी त्याला खरं म्हणता येत होतं.

हे ऐकून मागं रांग लागली. कोणाच्या सुनेला दिवस जात नव्हते, कोणाची विहीर लागत नव्हती, एकीची म्हैस लाथ मारत होती. मुनीर प्रत्येकीला तेच उत्तर देत राहिला. मधूनच तो काठी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्याला टेकवायचा. पहाटेपासून पोटात पाणी नव्हतं आणि पायाखाली पाण्याचा ओहोळ वाहत होता.

मंजुळाबाई रांगेत शेवटी आली. पहिला तांब्या तिचा असायचा, पण आज नवरा चिखलात आणि सवारी पाहुण्याच्या हातात, तेव्हा काय करावं ते तिला ठरवता आलं नव्हतं. तिनं हळू पाणी ओतलं आणि पंज्याकडं बघून म्हणाली, "लेकरू पहाटेपासून उपाशी हाये बाबा. ह्याला चक्कर येऊ देऊ नको."

मुनीरनं मान खाली घातली.

त्याच वेळी मोटारसायकल थांबल्याचा आवाज आला. चाँदपाशा मुलाला न्यायला आले होते. गर्दीनं त्यांना वाट दिली. त्यांना दिसलं ते असं: आपला मुलगा सवारी धरून उभा, पायाशी हळदीकुंकवाचं पाणी, आणि दोन पोलीस त्याच्याभोवती फिरत कापडं मोजताहेत.

"अब्बा, मैंने उठाया नहीं," मुनीर घाईनं म्हणाला. "गिर रहा था, तो पकडा."

चाँदपाशा बघत राहिले. पिकलेली दाढी दोनदा कुरवाळली. तातेराव गुडघ्यापर्यंत चिखलानं माखून उभे होते, दोन्ही हात पुढं, आणि ते हात काय करावं ते न कळून नुसतेच हवेत होते.

"गिरती चीज तो पकडनाच पडता," चाँदपाशा म्हणाले.

भीमराज त्यांच्याकडं वही घेऊन आला. "बाबा, बरं झालं आलात. ताबा परत देताना देणाऱ्याच्या बाजूचा एक साक्षीदार पायजे, आणि त्या बाजूला ह्यांच्याशिवाय कोणी न्हाईच. इथं सही करा."

"त्याच्यावर न्हाई," चाँदपाशा म्हणाले. "पाटील, तो जुना कागद आणा."

तातेरावांनी सदऱ्याच्या आतल्या खिशातून कागद काढला. त्या दिवसापासून तो त्यांच्या छातीशीच होता. चाँदपाशांनी तो हलगीवर पालथा ठेवला, भीमराजचं पेन घेतलं आणि कोऱ्या बाजूवर उर्दूत सावकाश दोन ओळी लिहून खाली सही केली.

"काय लिवलं?" भीमराजनं विचारलं.

"अमानत पाहिली, शाबूत आहे. ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच ठेवली, हिसाब बराबर."

भीमराजनं कागद उलटा-सुलटा केला. "मराठीत द्या ना बाबा. साहेबांना हे वाचता येत न्हाई."

"त्यांच्या आधी चार पिढ्यांना आलं न्हाई," चाँदपाशा म्हणाले, "काम चाललं ना?"

भीमराजनं पंचनाम्यात लिहिलं: सोबत उर्दू कागद, नग एक. मग घड्याळात पाहिलं. चाळीस मिनिटं झाली होती. त्यानं मान हलवली आणि मुनीरनं काठी तातेरावांच्या हातांत दिली. हात सुटले तरी मुनीरची बोटं काही वेळ तशीच वाकलेली राहिली. तातेरावांनी सवारी उभी केली, एका पायात चप्पल आणि एक पाय अनवाणी, तसेच चढ चढून मारुतीपुढं गेले. हलगी पुन्हा सुरू झाली. भीमराजनं भेटीचं चित्रण केलं आणि वहीत नोंद केली: दोन्ही दैवतांची भेट शांततेत पार पडली, अनुचित प्रकार नाही.

पंजा ओढ्यावर धुवून पेटीत गेला तेव्हा ऊन उतरलं होतं. तातेरावांच्या ओसरीवर चाँदपाशा आणि मुनीर खजूर पुढं घेऊन मोबाइलमधली वेळ बघत बसले. मंजुळाबाईनं मोहरमचे चोंगे, म्हणजे गुळाच्या गोड पोळ्या, केलेले होते, पण वेळ होईपर्यंत तिनं पोलिसांनाही हात लावू दिला नाही. अजानीचा आवाज गावात पोचत नाही. भीमराज हातात घड्याळ धरून उभा राहिला आणि मिनिट भरताच त्यानं "झालं!" म्हणून ओरडून सांगितलं. सगळ्यांनी एकदमच खायला सुरुवात केली.

निघताना विश्वंभर रजिस्टर घेऊन आला. "मुनीर, तुजं नाव कमी करू का? म्हंजी गाव संवेदनशील राहणार न्हाई."

मुनीरनं विचार केला. "कमी केलं तर पुढल्या साली पुन्हा दाखला लागंल. राहू द्या."

"मग बंदोबस्त येत राहील."

"येऊ द्या की," आतून मंजुळाबाई म्हणाली.

बाप-लेक मोटारसायकलवर निघाले. चाँदपाशा चालवत होते. दोन्ही बाजूंना नुकतंच उगवलेलं सोयाबीन होतं. हमरस्ता आला. मग एका ट्रकला वाट देताना त्यांनी वेग कमी केला आणि मान किंचित मागं वळवली.

"वजन कितना होगा उसका?"

"होगा सात-आठ किलो, अब्बा."

"इत्ताच?" चाँदपाशा म्हणाले, आणि गाडी फाट्याकडं वळवली.